चालून बघते, मग सांगते

“बूट काढ. आणि टाचा खाली टेक, मला दिसतंय सगळं.”

घड्याळताईंनी त्या आठ वर्षांच्या मुलीला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली आणि पेन्सिलीने खूण केली. मग खाली वाकून टेप लावला. “एकशे अठरा.”

“आणि त्या उंच पाळण्याला लागतात एकशे वीस,” मुलीची आई म्हणाली. ती नर्स होती, ड्यूटी संपवून परस्पर आमच्याकडे आली होती. “दोन सेंटिमीटरचं काय ते, ताई! जाड तळाचे बूट घालेल की ती.”

“तिथे बूट काढायला लावतात. तासभर रांगेत उभी राहणार आणि उंची बघायच्या दांड्यापाशी पोचली की रडत माघारी. त्यापेक्षा मोठा झोपाळा घेऊ. त्याला एकशे पाच चालतात, आणि पोटात गोळा यायचा तो तिथेही येतोच.”

मुलीने चौकटीवरच्या आपल्या खुणेकडे रागाने पाहिलं. तिथे अशा शेकड्याने खुणा होत्या. दरवर्षी ऑफिसला रंग द्यायचं निघालं की ताई म्हणायच्या, चौकट सोडून द्या.

आमचं ऑफिस सहलींचं. शिस्तीत सहा महिने आधी ठरवणारी माणसं मोठ्या ऑफिसांत जातात. आमच्याकडे यायची ती आयत्या वेळची. ज्यांची रजा काल मंजूर झाली आणि परवा निघायचंय, अशी. बहुतेकांना जायचं असायचं ते एकाच शहरात, कारण करमणुकीच्या मोठमोठ्या बागा तिथेच होत्या. ही सगळी धापा टाकणारी मंडळी ताईंच्या टेबलाशी बसायची. शेजारचं टेबल माझं, तिकिटांचं. म्हणून मी ‘तिकीटवाले’. त्यांना घड्याळताई का म्हणायचे, ते सांगतो.

त्यांचा डावा पाय लहानपणच्या दुखण्याने आखूड राहिला होता. त्या पायात उंच तळाचा बूट असायचा. दिवसातून दोनतीनदा त्या मनगटावरचं चावीचं घड्याळ काढून हातात धरायच्या आणि आमच्या दारापासून जिन्यापर्यंतच्या बोळात येरझाऱ्या घालायच्या. पहिली दोन वर्षं मला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल. तिसऱ्या वर्षी विचारलं.

“अहो, बागेच्या फाटकापासून झोपाळ्यापर्यंत चारशे पावलं आहेत,” त्या म्हणाल्या. “मला किती वेळ लागतो ते बघते. माझ्या पायाला जमलं की कोणालाही जमतं.”

हे ऐकून मी काय केलं असेल? चहाच्या वेळी सगळ्यांना सांगून हसवलं. ‘चालून बघते, मग सांगते’ हे त्यांचं नेहमीचं वाक्य मी त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचो. त्यांच्या सहलीवरून थकून, भांडून परतलेलं कुटुंब मी एकही पाहिलं नव्हतं. तरी ही अक्कल मला फार उशिरा आली.

स्वतः त्या शहरात त्या कधीच गेल्या नव्हत्या. आधी आईचं आजारपण, मग न जाण्याची सवय. पण जाऊन आलेल्या प्रत्येकाकडून त्या एक कार्ड भरून घ्यायच्या. रांग किती होती, सावली कुठे, बाक आहे का, काय खाल्लं, पोरांनी ते खाल्लं का, पायऱ्या किती. कार्ड आलं नाही तर फोन करकरून त्या माणसाचं जगणं नकोसं करायच्या. बारा वर्षांची कार्डं बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत ओळीने लावलेली होती.

तर, त्या गुरुवारी नर्सबाई आली. तिची रजा अचानक मंजूर झाली होती, वायरमन नवऱ्यानेही दोन दिवस कसेबसे मोकळे केले होते. शनिवारी पहाटे निघायचं होतं. आमच्या छोट्या साहेबांनी उत्साहाने आपल्या नव्या कॉम्प्युटरवर मिनिटभरात सहल काढून दिली. दोन बागा, चौदा पाळणे, रात्री फिरत्या मजल्यावरच्या हॉटेलात जेवण. तळाशी छापून आलं होतं, ‘ज्येष्ठ नागरिक एक : चाकांची खुर्ची’.

ते ज्येष्ठ नागरिक, म्हणजे नर्सबाईचे सासरे, शेजारीच बसले होते. एका बारा मजली कचेरीत चौतीस वर्षं लिफ्ट चालवून निवृत्त झालेले. कपडे कडक इस्त्रीचे, गुडघे मात्र कामातून गेलेले. त्यांनी तो कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

“मी घर राखतो,” ते म्हणाले. “तुम्ही जाऊन या.”

“आजोबा नाही तर मी पण नाही,” नात म्हणाली.

नर्सबाई ताईंकडे झुकून हळूच बोलली, “खरं सांगू का, मलाही त्यांना सोडून जायचं नाही. त्यांच्या गुडघ्यांचं दरवर्षी खालावतच चाललंय. मी रोज बघते ना. आत्ता आले नाहीत तर मग नाहीच. काहीतरी करा ताई.”

ताईंनी मनगटावरचं घड्याळ काढलं. “काका, जरा येता का बोळात? एकटीने चालून चालून कंटाळा येतो.”

म्हाताऱ्याने त्यांच्या बुटाकडे पाहिलं. मग काठी घेतली आणि उठला. दोघं बोळात चालायला लागले. मी तिकिटांचं काम करत असल्याचं सोंग करत दारातून बघत होतो.

“किती वर्षं झाली पायाला?”

“कळायला लागल्यापासून असाच आहे.”

“आणि लोकांना सहली तुम्ही लावून देता? तुम्ही स्वतः गेलाय का तिथे?”

“नाही.”

म्हातारा थांबला. मी मनात म्हटलं, संपलं, आता हा घरी जाणार. पण तो हसला.

“चौतीस वर्षं मी माणसं बाराव्या मजल्यावर सोडली, बाई. वर गच्ची होती. तिथून म्हणे सगळं शहर दिसायचं. मला कुठली बघायला मिळते? लिफ्ट सोडून जायची सोय नव्हती. पण खाली येताना लोकांचे चेहरे बघायचो ना, त्यावरून कळायचं, गच्ची झकास असणार.”

“माझंही तसंच,” ताई म्हणाल्या आणि घड्याळात पाहिलं. “साठ पावलांना पावणेदोन मिनिटं. काका, आपली दोघांची चाल सारखीच आहे. झाली तुमची सहल.”

टेबलाशी येऊन त्यांनी हाताने नवा कागद लिहिला. एकच बाग. साडेनऊला उंच मनोरा, त्याला काचेची लिफ्ट, त्या वेळी रांग नसते. मग मोठा झोपाळा, त्याच्यासमोर झाडाखाली बाक, तिथून नात दिसत राहते. दुपारी बागेबाहेरची जुनी खानावळ. फाटकापासून दोनशे दहा पावलं, दाराशी एक पायरी, खिडकीतून मनोरा दिसतो. लगेच फोन लावून त्यांनी खिडकीजवळचं टेबल राखून घेतलं, मासा मऊ शिजवायला सांगितला, खुर्चीला हात आहेत का तेही विचारलं.

“आणि संध्याकाळी?” नर्सबाईने विचारलं.

“काही नाही. बसायचं. सुटी आहे ना?”

म्हाताऱ्याने खिशातला चार घड्यांचा कागद काढून छोट्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. “हा तुमचा,” म्हणाला, अगदी अदबीने.

शनिवारी आमचं ऑफिस अर्धा दिवस. सव्वाएकला मी आवराआवर करत होतो तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. नर्सबाई होती, आवाज रडवेला.

“खानावळ वरच्या मजल्यावर गेलीय हो! खाली चपलांचं दुकान झालंय. एकोणीस पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. पोरगी धावत वर जाऊन खिडकीत बसली. मालक बिचारा दोन वेटर पाठवतोय, बाबांना खुर्चीत बसवून उचलून नेऊ म्हणतोय. बाबा खालच्या पायरीवर बसलेत. उचलूही देत नाहीत, दुसरीकडे चला म्हटलं तर तेही नाही. ताईंना फोन द्या म्हणतात.”

मी ताईंना सांगितलं. त्यांनी आधी डबा उघडला. खानावळीची कार्डं काढली. जुन्या कार्डांवर ‘पायऱ्या किती’ याच्यापुढे ‘एक’ लिहिलेलं होतं. गेल्या वर्षभरातल्या सगळ्या कार्डांवर ती जागा रिकामी होती. धडधाकट पायांची माणसं पायऱ्या मोजत नाहीत. ती चढतात आणि विसरतात. आणि ताईंनी रिकाम्या जागेचा अर्थ ‘तेच’ असा घेतला होता. फोनवर खुर्चीच्या हातांची चौकशी केली आणि हेच विचारायचं राहिलं, कारण ते त्यांना पाठ होतं. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा असा उतरलेला पाहिला नव्हता.

त्यांनी फोन घेतला आणि स्पीकर सुरू केला. “काका, चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं. रस्त्यापलीकडे दुसरं हॉटेल आहे, मी आत्ता फोन करते…”

“चूक राहू द्या हो,” म्हातारा म्हणाला. “नात वर माझी जागा धरून बसलीय. आणि हे मला कपाट असल्यासारखं उचलून न्यायला निघालेत. तिच्यादेखत? नाही. मी चढतो. फक्त कसं चढायचं ते सांगा. कधी चढलोच नाही, जन्म गेला लिफ्टमध्ये.”

ताईंनी दाराबाहेर जिन्याकडे पाहिलं. आमचं ऑफिस तळमजल्यावर, त्यांचं घर तळमजल्यावर. जिना त्या टाळतच आल्या होत्या.

“मलाही येत नाही, काका,” त्या म्हणाल्या. मग टेबलाला हात टेकून उठल्या. “थांबा जरा. चढून बघते, मग सांगते.”

बोळाच्या टोकाला जिना. वर दातांचा दवाखाना, शनिवारी बंद. एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हातात माझा फोन धरून ताईंनी पहिल्या पायरीवर डावा पाय टाकला आणि तोल गेला. मी हात पुढे केला तर त्यांनी असं बघितलं की मी तो खिशात घातला.

“काका, दुखरा पाय आधी टाकायचा नाही. आत्ताच कळलं. बरा पाय वर, मग दुसरा त्याच्या शेजारी. एका पायरीवर दोन्ही आले की श्वास घ्या.”

“घेतला.”

“दुसरी.”

“बाई, तुम्ही खरंच चढताय?”

“मग काय, खोटं सांगू?”

फोनमधून हसू आलं आणि त्यामागून काठीची टकटक. सहाव्या पायरीवर ताई मटकन बसल्या. “सहावीवर बसायचं, काका.” तोही बसला असावा. दोघांचे श्वास ऐकू येत होते, एक जिन्यावर, एक फोनमध्ये, आणि कोणाचा कुठला ते सांगणं अवघड होतं. त्याने विचारलं, तुमच्याकडे किती पायऱ्या? ताई म्हणाल्या, तुमच्या तुम्ही मोजा, इकडच्या तिकीटवाले मोजतायत. मी मोजत होतो.

बाराव्या पायरीपर्यंत त्यांच्या पाठीवरचा कपडा घामाने भिजला. पंधरावीवर त्या पुन्हा बसल्या. आपण वर्षानुवर्षं कोणाची टिंगल केली, हे मला त्या जिन्यावर कळत होतं आणि मी खाली मान घालून एकेक पायरी त्यांच्या मागून चढत होतो.

एकोणिसाव्या पायरीला फोनमध्ये एकदम गलका झाला. “आजोबा आले! आजोबा, इकडे! मनोरा दिसतो!” खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग नर्सबाईचा आवाज आला, “ताई, बसले हो ते,” आणि फोन बंद झाला.

“झाल्या एकोणीस,” मी म्हटलं. “चला, उतरू.”

“तीन राहिल्यात ना अजून?”

त्या तीनही पायऱ्या ताई चढल्या. वर एक लांबट बाक होता आणि खिडकी. आमच्या दारासमोरचं झाड त्यांनी इतकी वर्षं खालून पाहिलेलं. आता त्याचा शेंडा नजरेसमोर होता. त्या खिडकीशी उभ्या राहिल्या, बऱ्याच वेळाने त्यांना घड्याळाची आठवण झाली.

“एकोणिसाव्या पायरीला किती वाजले होते?”

मी सांगितलं. मला पाठ होतं.

“म्हणजे चौदा मिनिटं,” त्या म्हणाल्या.

बुधवारी म्हातारा एकटाच आला. कार्ड भरून आणलं होतं, मोठ्या टपोऱ्या अक्षरात, एकही जागा रिकामी नव्हती. मनोऱ्यापुढे लिहिलं होतं, ‘लिफ्ट उत्तम. चालवणारा मन लावून काम करतो. त्याला दोन मिनिटं वर उभं राहायला सांगितलं, तोवर दार मी धरलं.’ माशापुढे, ‘मऊ.’ पायऱ्यांपुढे, ‘१९. सोबत होती.’

ताईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि डब्यात त्याच्या जागी नीट लावलं. म्हाताऱ्याला इमारतीच्या फाटकापर्यंत सोडायला मात्र त्या स्वतः गेल्या. दोघं सावकाश चालत होते, त्यामुळे बराच वेळ लागला.

त्याच दुपारी एक गृहस्थ आले. आईला घेऊन परवा निघायचं होतं. कोणीतरी त्यांना त्या खानावळीचं नाव सांगितलं होतं. छोट्या साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, तळमजला.

“एकोणीस पायऱ्या आहेत,” ताई म्हणाल्या. “बरा पाय आधी टाकायचा. सहावीवर आणि पंधरावीवर बसायचं. चौदा मिनिटं लागतात. खिडकीतून छान दिसतं.”

“तुम्ही गेलाय वाटतं तिथे?”

मी तिकिटांवरून मान वर केली. ताई मनगटावरच्या घड्याळाला चावी देत होत्या.

“हो,” त्या म्हणाल्या. “वरपर्यंत.”