नेवेन्काने निवडलेलं गणित

क्रापान्य बेटावर टपाल वाटणारी नेवेन्का एक्कावन्नाव्या वर्षी पाण्याखाली उतरायला शिकते म्हणाली, तेव्हा फ्रानेला वाटलं, दोन आठवड्यांत कंटाळेल. तीस वर्षं तो पाणबुडे तयार करत होता आणि नेवेन्काला तर शाळेपासून ओळखत होता. पण ती कंटाळली नाही. ऑगस्ट संपेपर्यंत तिने पाठोपाठ दोन परीक्षा देऊन तीस मीटरपर्यंत उतरायची परवानगी मिळवली.

तिला जायचं होतं एकाच जागी. बेटाच्या दक्षिणेला अठ्ठावीस मीटरवर खडकाची एक कपार आहे. तिथे तिच्या वडिलांनी, सगळं बेट ज्यांना बार्बा म्हणजे काका म्हणतं त्या इवेंनी, वयाच्या चोविसाव्या वर्षी बाजारात विकायचे समुद्री स्पंज शेवटचे कापले होते. त्या दिवशी ते वर आले ते डावा पाय लुळा होऊनच. खोलवर जास्त वेळ राहून वर आलं की रक्तात होणाऱ्या बुडबुड्यांनी बेटावरच्या कितीतरी माणसांचे पाय असे नेले होते.

आता तिला मनगटावरचा कॉम्प्युटर घ्यायचा होता, कुठल्या खोलीवर किती वेळ राहायचं आणि कसं वर यायचं ते सांगणारा.

"माझ्यासारखाच घे," फ्राने म्हणाला.

"तुझ्या कॉम्प्युटरात कुठलं गणित आहे?"

"कारखान्यातून आलं ते."

"म्हणजे तुला माहीत नाही."

"तीस वर्षं धडधाकट वर येतोय ना मी?"

"आमच्या आजोबांचं गाढवही त्यांना रोज घरी आणायचं," नेवेन्का म्हणाली. "पण त्याला रस्ता दिसायचा."

मग ती माहितीपत्रकं घेऊन बसली. टपालाची गाडी ढकलता ढकलता वाचायची, अडलं की फ्रानेला दारातच गाठायची. त्यालाही अडलं तेव्हा तिने थेट स्प्लिट शहरातल्या इस्पितळात फोन लावला आणि पाणबुड्यांच्या दाबाच्या आजारावर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंना तासभर प्रश्न विचारले. एका रविवारी सकाळी तिने फ्रानेला स्वयंपाकघरात बोलावलं. बार्बा इवे टेबलाशी सार्डिन साफ करत होते.

"ऐक," ती म्हणाली. "खाली हवेतून अंगात मुरणारा नायट्रोजनच वर येताना बुडबुडे करतो, आणि तो हा कॉम्प्युटर मोजत नाही. त्याला कळते फक्त खोली आणि वेळ. बाकी सगळा अंदाज. एका गणितात शरीराचे सोळा कप्पे धरलेत. काही झटकन भरतात, काही सावकाश. वर येताना कुठल्याच कप्प्याने हद्द ओलांडायची नाही. हद्दीच्या किती जवळ जायचं, तो आकडा आपण घालायचा. शंभर म्हणजे हद्दच."

"आणि दुसरं?"

"ते बुडबुड्यांचा हिशेब करतं आणि वर येताना जास्त खोलवर थांबायला लावतं. मला आधी तेच आवडलं होतं. पण बाई म्हणाल्या, खोलवर थांबलं की सावकाश भरणारे कप्पे तेवढा वेळ भरतच राहतात, आणि चाचण्यांत काही फायदा दिसला नाही. म्हणून मी पहिलं घेणार आणि सत्तर घालणार."

"सत्तरच का?"

"पन्नास घातले तर कपार बघायच्या आत वर यावं लागेल. पंचाण्णवमध्ये माझं वय आणि माझी धाप बसत नाही. तुझं किती आहे?"

फ्रानेने आपला कॉम्प्युटर काढला. आकड्याचं पान सापडायलाच दहा मिनिटं लागली. आकडा निघाला पंचाण्णव.

बार्बा इवे हसले. "आमच्या वेळी गणित कप्तानाच्या सिगारेटीवर चालायचं. दोन संपल्या की तो पाणबुड्याच्या कमरेचा दोर ओढायचा, वर ये म्हणून."

फ्राने हसला खरा, पण त्याला मनातून लाज वाटली. आजवर शेकडो माणसांना त्याने समुद्रात नेलं होतं आणि त्यांपैकी एकानेही असा प्रश्न विचारला नव्हता. त्यानेही कधी स्वतःला विचारला नव्हता.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते उतरले. बरोबर क्लबातला रोको आणि त्याचा जोडीदार होते. खाली प्रवाह उलटा होता, त्यात वेळ गेला. कपार पुढे काळीनिळी दिसू लागली तेव्हा नेवेन्काच्या मनगटावर एकच मिनिट उरलं होतं. फ्रानेच्या मनगटावर नऊ होती. तिने कपारीकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं आणि अंगठा वर केला. चला वर.

रोकोने पाच बोटं दाखवली, अजून पाच मिनिटं म्हणून, मग आपलं मनगट तिच्या डोळ्यांपुढे धरलं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि अंगठा तसाच ठेवला. फ्राने तिच्याबरोबर वर निघाला. पाच मीटरवर थांबून मिनिटं मोजताना त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती शांतपणे श्वास घेत होती, एवढंच.

रोको मागाहून वर आला. त्याला काहीही झालं नाही. नावेत तो पाव खात म्हणाला, "काय पोस्टमनबाई, पत्र न देताच परत?"

"पत्ता कुठे पळून जात नाही, रोको," नेवेन्का म्हणाली. "देऊ पुन्हा."

बार्बा इवे धक्क्यावर काठी टेकून उभे होते. "पोचलीस?"

"नाही, बाबा. पंधरा मीटर राहिले."

"दिसत होती?"

"दिसत होती."

"आणि तू वळलीस."

"वळले."

म्हातारा पाण्याकडे वळला. मग म्हणाला, "त्या दिवशी कप्तानाने दोर ओढला होता. वेळेवर ओढला होता. मीच उलट ओढला, अजून थोडं म्हणून. समोर मोठे स्पंज होते. पुढे सगळे त्यालाच बोल लावत राहिले आणि मी गप्प बसलो. तो मेला तरी गप्पच."

नेवेन्काने ओल्या हातानेच त्यांचा दंड धरला. दोर बांधायला वाकलेला फ्राने तसाच वाकून राहिला. पन्नासएक वर्षं उरात ठेवलेली गोष्ट म्हाताऱ्याने भर धक्क्यावर बोलून टाकली होती, आणि त्याच्या तोंडून ती वदवली होती लेकीच्या एका अंगठ्याने.

पुढच्या शनिवारी फ्रानेने नांगर बरोबर कपारीच्या डोक्यावर टाकला. निघण्याआधी त्याने आपला कॉम्प्युटर नेवेन्कापुढे धरला. "सत्तर कर यात. मला ते पान पुन्हा सापडत नाही." तिने करून दिलं.

या वेळी दोराला धरून ते सरळ खाली गेले आणि कपारीत सात मिनिटं राहिले. तिने एकाही स्पंजला हात लावला नाही, फक्त मोजले. तीन मिनिटं शिल्लक असतानाच तिने अंगठा वर केला.

"अकरा आहेत, बाबा," घरी आल्यावर तिने सांगितलं.

"केवढे?"

तिने हातांनी दाखवलं, बनपावाएवढे.

"लहान आहेत अजून," बार्बा इवे म्हणाले. "वाढू देत."