पुदिन्याच्या वासाच्या गाई

या, जरा जवळ सरकून बसा. मांडी घालता येत नसेल तर पाय पसरा, देवाला चालतं. आज मत्सराची एक गोष्ट ऐका. मत्सर काही परक्याचाच वाटतो असं नाही, तो सख्ख्या बहिणीचाही वाटतो.

गुरांवर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात दोन बहिणी शास्त्रज्ञ होत्या. उन्हाच्या तडाख्यात गाय चारा टाकते, दूध आटतं, तोंड वासून धापा टाकते. तिला गारवा कसा द्यावा, यापायी थोरलीने पंख्यांवर आणि पाण्याच्या फवाऱ्यांवर उमेदीची वर्षं घातली होती. हवी तशी तापवता येईल अशी एक खोली द्या, म्हणून साहेबांच्या मागे लागून ती थकली. खोली अखेर बांधली गेली, आणि मिळाली धाकटीला.

धाकटीचं म्हणणं असं, की चाऱ्यात पुदिन्याचं तेल थोडं मिसळलं तर उष्मा गायीला कमी बाधेल. साहेब खूश होऊन म्हणाले, "बिनविजेचा पंखाच की हा." तेव्हापासून थोरलीच्या पोटात जे दुखू लागलं, ते काही केल्या थांबेना. त्यात आई फोनवर विचारायची, "धाकटीची खोली बघितलीस का गं?"

धाकटीच्या मनात मात्र काही नव्हतं. "ताई, श्वास तू मोज. तुझ्यासारखी नजर इथे कुणाची नाही."

"साहेबांना सांग की. पंख्याखाली बसून कंटाळलेत ते."

"टोमणे नंतर मार, आधी घड्याळ घे."

तापल्या खोलीत गाई ओळीने बांधल्या होत्या. गायीची कूस किती वेळा वर-खाली होते, ते दोघांनी वेगवेगळं मोजायचं, कारण श्वास जितके जास्त तितका उष्मा बाधलेला: एक थोरली, दुसरे गोठ्यावरचे काका. तेल कोणत्या गाईंना दिलंय ते मोजणाऱ्याला सांगायचं नाही, म्हणजे मनाचा कल आकड्यात उतरत नाही.

पण पहिल्याच गायीने तोंड पुढे केलं आणि थोरलीच्या नाकात पुदिना शिरला. अर्धवट हललेली कूसही तिने पुरी धरली. पुढची गाय बिनवासाची होती. तिचे अर्धे श्वास तिने सोडून दिले. हात आपला आपणच लिहीत गेला.

दुपारी धाकटी दोघांचे आकडे शेजारी मांडून बसली. "ताई, काकांचे आणि तुझे जुळतच नाहीत गं. त्यांच्या हिशोबाने माझ्या तेलाच्या गाई झोका घेतायत, तुझ्या हिशोबाने त्यांचा जीव चाललाय. काकांना चष्मा लागलाय. त्यांचे काढून टाकते, तुझेच धरते."

आता थोरलीने नुसतं गप्प बसलं की झालं. खोटंही बोलायला नको. तेल बाद झालं असतं, खोली मोकळी झाली असती.

धाकटीने घाम पुसला आणि लेखणी उचलली. "चालत नसेल तेल. तू मोजलंयस म्हणजे तसंच असणार." तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता, आणि तोच थोरलीला सोसेना.

"थांब. काकांचे चुकलेत, माझेही चुकलेत. गायीच्या तोंडाला वास येतो, कुणाला तेल दिलंय ते कळतं. काकांना तुझं कौतुक आहे. आणि मला..."

"आणि तुला?"

"मला तुझी खोली हवी होती."

धाकटीने दोघांच्याही आकड्यांवर काट मारली. मग म्हणाली, "म्हणजे सगळं पहिल्यापासून मोजायचं." आणि उठून गेली. घरी दोघी एका टेबलावर जेवल्या, पण पाणी जिने तिने स्वतःच उठून घेतलं.

सकाळी थोरली खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. धाकटीने मागे न बघता तेलाची बाटली पुढे केली. "सगळ्या गव्हाणींच्या कडांना चोळ. सगळीकडेच वास आला म्हणजे कुणाला काही कळायला नको."

"आणि मोजणार कोण?"

"कचेरीतला कारकून. त्याला तू आवडत नाहीस आणि मीही नाही."

थोरली गुडघ्यावर बसून तेल चोळू लागली. मत्सर गेला होता का? नाही हो. साहेब दारातून डोकावून "वा" म्हणाले, तेव्हा पोटात पुन्हा कळ आलीच. पण तिने एकही गव्हाण सुटू दिली नाही.

आपल्याच माणसाचं कौतुक ऐकताना तुमच्याही पोटात दुखलं, तर देवाचं नाव घ्या, आणि जमलं तर त्या थोरलीचीही आठवण काढा.