व्हॅनच्या भिंती

आईने दोन्ही तळहात प्लायच्या शीटवर टेकवले आणि कापडावरून इस्त्री फिरवावी तसे या टोकापासून त्या टोकापर्यंत नेले. मग कड नखाने चाचपली, वाकून वास घेतला आणि मान हलवली.

"हे नको. गोंदाचा वास येतो. बंद गाडीत झोपलं की डोळे झोंबतील. पुढचं दाखवा."

गोदामवाल्याने ते शीट बाजूला सरकवलं. "काकू, प्लाय घेताय की जावई?"

"जावई घेताना एवढं बघायला हवं होतं," आई म्हणाली.

लेक सवयीने हसली. तिचा नवरा निघून गेल्याला आता विनोद होण्याइतके दिवस झाले होते. पण तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. निघताना दादाचा फोन आला होता, "प्लाय घेऊ देऊ नकोस. एकदा आतलं काम सुरू झालं की ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही." आईने आयुष्यभर लोकांच्या गाड्यांची सीटं शिवली. दुकान बंद केलं आणि लगेच ही जुनी मालवाहू व्हॅन आणून दारात उभी केली. आत पलंग, ओटा, कपाट करायचं आणि वाट फुटेल तिकडे जायचं. एकटीने. दादाला तो म्हातारचळ वाटत होता. लेकीला तसं वाटत नव्हतं, पण तोंड भरून हो म्हणायचा धीरही होत नव्हता. दोघांच्या मध्ये तिची इकडे आड तिकडे विहीर अशी गत झाली होती.

गोदामवाल्याने दोन शीटं शेजारी उभी केली. दोन्ही पातळ, गाडीच्या गोलसर अंगाला वळतील अशी, वजनाला हलकी. एक सायीसारखं फिकट, दुसरं तांबूस.

"रंग कुठला घ्यायचा, काकू?"

"तूच सांग गं," आई लेकीला म्हणाली.

लेकीने चमकून पाहिलं. दोऱ्याची छटा किंचित चुकली म्हणून अख्ख्या सीटची शिवण उसवायला लावणारी ही बाई.

आईचा हात फिकट शीटवर फिरत राहिला. "काय सुरेख आहे बघ. एक डाग नाही."

तिच्या पंजाच्या शेजारीच, शाई सांडावी तसा काळा डाग पसरला होता. गोदामवाल्याने लेकीकडे पाहिलं, लेकीने त्याच्याकडे. "आतून दुसरा माल आणतो," असं पुटपुटत तो शहाण्यासारखा निघून गेला.

"आई, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"आई."

हात थांबला. मागच्या बाजूला करवतीचा आवाज चढला आणि उतरला.

"मधलं गेलंय," आई म्हणाली. "कडेनं दिसतं. तुझ्याकडे बघितलं की तू दिसत नाहीस, तुझ्या बाजूचा खांब दिसतो. डॉक्टर म्हणतात, आणखी जाईल."

दुःख मागून येणार होतं. आत्ता लेकीला मघाचा रस्ता आठवत होता. स्टिअरिंगवर आई, आणि ही शेजारी मोबाइलमध्ये डोकं घालून. 'सुटला का गं सिग्नल?' हिने वर बघून हो म्हटलं होतं. 'पुढचा वळतोय का थांबलाय?' थांबलाय. 'आडवं कुणी येत नाही ना?' नाही. तिला वाटलं होतं, आई आपली काहीतरी बोलत राहतेय. वाटेत एक शाळा लागली होती. तिथे आपण मान वर केली होती की नाही, हे काही केल्या तिला आठवेना.

"माझ्या डोळ्यांनी गाडी चालवत आणलीस तू," ती म्हणाली. "आणि मला सांगितलंही नाहीस."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"कुणी गाडीखाली आलं असतं म्हणजे?"

आईने पर्समधून चावी काढली आणि लेकीने मागायच्या आत शीटवर ठेवली. ठेवली तरी बोटं लवकर सुटली नाहीत.

"एकदा शेवटचं चालवायचं होतं," ती म्हणाली.

"मग आता प्लाय कशाला?"

"राहायला. घरात मी चाचपडत फिरणार, आणि तुम्ही सगळे जीव मुठीत धरून माझ्या मागं. गाडीतल्या त्या एवढ्याशा खोलीत हात लांब केला की भिंत. ती हाताला बरी लागली पाहिजे, एवढंच. गाडी कोण का चालवेना."

गोदामवाला दुसरी शीटं घेऊन आला. लेकीच्या खिशात फोन थरथरला. दादाच असणार. तिने तो काढला नाही. समोरच्या शीटवर तिने स्वतःचा हात ठेवला आणि डोळे मिटले. आधी काहीच कळलं नाही. मग एका जागी बारीकसं कुसळ बोटाला टोचलं.

"हे नको," ती म्हणाली. "पुढचं."

तिसरं दोघींनाही पसंत पडलं. रंगाचं कुणी विचारलं नाही.

"कुठं पोचवायचं?"

आईने पत्ता सांगायला तोंड उघडलं, पण लेकीने मध्येच स्वतःच्या घराचा सांगितला.

"तुझ्या दारात उभी राहायला नाही घेतली मी गाडी," बाहेर आल्यावर आई म्हणाली.

"माहीत आहे."

त्यापुढचं मात्र तिला माहीत नव्हतं. एवढी मोठी गाडी तिने कधी चालवली नव्हती. ती चढून बसली. पलीकडे आईचा हात दाराची मूठ शोधत पत्र्यावरून फिरत होता. उतरून मदत करावी असं मनात आलं, पण ती बसून राहिली. दार उघडलं, आई आत आली.

गिअर खर्रकन वाजला.

"क्लच पुरता दाब. आवाज ऐक. हां... आता सोड. हळू, हळू."

व्हॅन फाटकापर्यंत आली.

"कुठं नेतेस?"

"घरी."

"कुणाच्या?"

लेकीने दोन्ही बाजूंना पाहिलं. रस्ता मोकळा होता. तिने पुन्हा एकदा पाहिलं, आणि आणखी एकदा. तरी तिचा पाय ब्रेकवरून उचलेना.