छतातली झडप

प्रमोदिनीबाई पलंगावर गुडघे टेकून बसल्या, थंडी अडवायला छताच्या खाचेत बसवलेली फोमची चौकोनी उशी काढली आणि छतातल्या झडपेचं हँडल फिरवलं. झाकण बाहेरच्या बाजूला उचललं गेलं. त्यावरचा बर्फाचा भुगा त्यांच्या मनगटावर पडला. मग त्यांनी उशी पुन्हा जागेवर बसवली, पण एका कोपऱ्यात सैल. खालून पाहणाऱ्याला सगळं घट्ट बंद दिसलं असतं.

खाली रविकांत टेबलाशी पेपर वाचत होते. गुडघ्यांमुळे ते वर चढत नसत. टेबल खाली पाडून त्यावर गादी टाकली की तेच त्यांचं अंथरूण. वरची जागा, ट्रकच्या टपावर पुढे आलेला तो बुटका पलंग, बाईंची. गरम हवा वर जाते, तेव्हा उबेची जागा तुझी, असं त्यांनी सुरुवातीलाच उदारपणे सांगून टाकलं होतं.

"आजही चौदाच," रविकांत भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघत म्हणाले. "गॅसची भट्टी सारखी चालू आहे, विजेचा हीटर चालू आहे, आणि चौदा."

"जुनी झाली असेल भट्टी."

"असेल," म्हणून त्यांनी पान उलटलं.

कॅम्पर म्हणजे पिकअप ट्रकच्या पाठीवर बसवलेली एक खोली. त्यात शेगडी, सिंक, कपाटाएवढं वॉशरूम आणि देवांसाठी मसाल्याच्या कप्प्याशेजारी एक फळी. ती ट्रकसकट रिचमंड हिलमध्ये मुलाच्या, उन्मेषच्या, ड्राइव्हवेत उभी होती. तिच्या खिडकीतून उन्मेषचं घर दिसायचं. घराच्या वरच्या मजल्यावर एक रिकामी खोली होती, आणि त्या खोलीत जमिनीच्या जाळीतून गरम हवा यायची. बाईंना त्या खोलीत झोपायचं होतं. बाकी काही नको होतं.

खरं तर ते दोघं यावेळी ॲरिझोनात असायला हवे होते. रविकांत हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचे इंजिनियर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅम्पर घेतला, घर विकलं आणि हिवाळाभर दक्षिणेत राहायचं ठरवलं. निघायच्या तोंडावर बाईंच्या हृदयात स्टेंट बसला. स्टेंट इतका ताजा असताना सीमेपलीकडच्या आजारपणाचा विमा कोणी देईना, आणि विम्याशिवाय अमेरिकेत जायची रविकांतांची हिंमत नव्हती. घर तर हातचं गेलेलं.

उन्मेषने फोनवर लगेच विचारलं होतं, "बाबा, तुम्ही दोघं आमच्याकडे राहा ना. वरची रूम रिकामीच आहे."

"नको रे," रविकांत म्हणाले होते. "तुम्हाला कशाला त्रास? आमचं घर आमच्या पाठीवर आहे."

"आर यू शुअर?"

"हो हो."

"ओके बाबा. तुम्हाला कम्फर्टेबल असेल तसं."

रविकांतांनी फोन ठेवला आणि ते तिथेच बसून राहिले. थोड्या वेळाने तो पुन्हा करेल, असं त्यांना वाटत असावं. फोन आला तो दुसऱ्या दिवशी. उन्मेषने दुकानातली सगळ्यात जाड, सगळ्यात महागडी एक्स्टेन्शन कॉर्ड आणली होती, उणे चाळीसलाही लवचीक राहणारी. ती त्याने स्वतः गॅरेजच्या प्लगपासून ड्राइव्हवेपर्यंत नीट अंथरली. नारिंगी रंगाची. तिच्यावरून रोज पाय ओलांडून बाई घरात कपडे धुवायला जात.

आपण होऊन आत जाणं त्यांना शक्य नव्हतं. नवऱ्याला ड्राइव्हवेत ठेवून एकटीने जाणं तर त्याहून नाही. पण कॅम्परनेच हात टेकले, तर माणसांपैकी कोणाला टेकावे लागणार नव्हते. म्हणून ती झडप.

शुक्रवारी त्या बेसमेंटमध्ये मशीनपाशी उभ्या होत्या. सून स्वप्नाली ड्रायरमधले टॉवेल काढून घड्या घालत होती.

"रविवारी फार थंडी आहे म्हणतात," बाई म्हणाल्या.

"हो, उणे चोवीस. वाऱ्याचा विंड चिल वेगळा."

"स्वप्नाली, तुझ्या सासऱ्यांनी नको म्हटलं खरं. पण ते कसं म्हटलं, ते तुला तरी कळलं असेल."

"कळलं ना. नागपूरची आहे मी."

"मग उन्मेषला सांग की जरा. तो इथे वाढला. एकदा विचारून गप्प बसला."

स्वप्नालीने टॉवेलच्या कडा जुळवल्या. "आई, मी लग्न होऊन आले तेव्हा हॅमिल्टनला तुमच्याकडे जेवायला बसले होते. तुम्ही विचारलंत, आणखी पोळी वाढू? मी नको म्हटलं. तुम्ही डबा बंद केलात."

"अगं, मला काय माहीत—"

"परत येताना हायवेवर उन्मेषने मला डोनट घेऊन दिला. दोन दिवसांनी तुमचा फोन आला. म्हणालात, स्वप्नाली, इथे आग्रह-बिग्रह कोणी करत बसत नाही, हवं ते स्पष्ट मागायची सवय कर. केली मी सवय. आता तुमच्यापैकी कोणी स्पष्ट मागितलं, तर रूम तयार आहे."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बाईंना काहीतरी बोलता आलं असतं. त्यांनी ओले कपडे ड्रायरमध्ये टाकले आणि बटण दाबलं.

बाहेर उन्मेष फावड्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होता. आईला पाहून तो थांबला.

"आई, संडेचं फोरकास्ट बघितलंस? इट्स नॉट सेफ. मी त्या दिवशी दुपारी येतो आणि बाबांशी परत बोलतो."

"परत?"

"हो. आत येऊन राहा म्हणून." त्याने फावड्यावर हनुवटी टेकली. "आणि उद्या गौरांगीला पाठवतो. तिला म्हटलं सगळं चेक कर, वायरिंग, प्रोपेन गॅस, सगळं. बाबा माझं ऐकत नाहीत, तिचं ऐकतात."

पहिलं वाक्य ऐकून बाई इतक्या हलक्या झाल्या की दुसरं त्यांच्या लक्षात यायला कॅम्परची पायरी चढावी लागली.

त्यांनी रविकांतांना फक्त पहिलं सांगितलं. "रविवारी उन्मेष येणार आहे. पुन्हा विचारायला."

"विचारू दे," रविकांत म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "माझा तो राखाडी स्वेटर कुठे आहे? बरा होता तो."

गौरांगी शनिवारी सकाळी आली. रविकांतांच्या धाकट्या भावाची मुलगी. हॅमिल्टनच्या विद्यापीठातून नुकतीच फिजिक्सची पदवी घेतलेली. तिच्या बॅगेत तीन थर्मामीटर होते आणि प्लगमध्ये लावून वीज मोजायचा एक छोटा मीटर.

"काका, तुमच्या राजवाड्याची तपासणी करायला आले आहे."

"अगं, तपासायचं काय त्यात? चहा घे. काकूने चिवडा केलाय."

"चिवडा नंतर. आधी सांगा, गॅरेजमधला ब्रेकर रोज पडतो म्हणे?"

"फ्रीझर सुरू झाला की पडतो. एकाच सर्किटवर फ्रीझर आणि माझा हीटर."

"मग तुम्ही इतकी वर्षं कारखान्यात काय केलंत? हीटर वेगळ्या सर्किटवर घ्यायचा ना."

"कारखान्यात मला बायको हीटर लावून देत नव्हती," रविकांत म्हणाले, आणि दोघंही हसले.

ती बाहेर गेली, पोर्चवरच्या प्लगमधून दुसरी कॉर्ड आणली आणि हीटर तिच्यावर टाकला. बॅटरीचा कप्पा उघडला. थंडीत बॅटरी निम्मी शक्तीही देत नाही, मग पहाटे भट्टीचा पंखा धापा टाकतो, असं सांगत तिने बॅटरीभोवती फोमच्या पाट्या बसवल्या. रविकांत तिला एकेक गोष्ट दाखवत होते. सिलिंडर, रेग्युलेटर, खिडक्यांवरची चंदेरी आच्छादनं, दाराचं रबर. दाखवण्यासारखं खाली बरंच होतं, आणि ते सगळं त्यांनी सावकाश, पुन्हा पुन्हा दाखवलं. बाई चहाचं आधण ठेवून पाठमोऱ्या उभ्या होत्या.

दुपारपर्यंत काम संपायला हवं होतं. पण गौरांगी टेबलाशी बसून एका रुमालावर आकडे मांडत होती.

"काका, हे जुळत नाही."

"काय जुळत नाही?"

"हीटर दीड किलोवॅट देतो. भट्टी अखंड चालली तर साडेतीन. झाले पाच. बाहेर उणे दहा आहे. भिंती आणि काचा धरून या डब्याला आत वीस ठेवायला फार तर तीन पुरतील. मग बाकीचे दोन जातात कुठे?"

"माझी भट्टी जुनी आहे. साडेतीन देत नसेल."

"देते. मोजलं मी, तोंडाशी." तिचे डोळे चमकत होते. गणित अडलं की तिला आनंदच व्हायचा. "कुठेतरी हवा जाते आहे. भरपूर. काकू, एक उदबत्ती द्या ना."

बाईंनी देवांच्या फळीवरचा पुडा काढला. त्यांना काही सुचेना. उदबत्ती नाही म्हणावं, तर पुडा हातात होता. त्यांनी एक काढली, शेगडीवर पेटवली आणि दिली.

गौरांगीने उदबत्ती दारापाशी धरली. धूर सरळ वर गेला. खिडकीपाशी जरासा हलला. सिंकखाली काहीच नाही. मग ती पलंगाच्या पायरीवर चढली.

"तिकडे काही नाही गं," रविकांत म्हणाले. "तिकडे मी बघितलंय."

"तुम्ही वर चढता?"

रविकांतांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

धूर आधी डुलला, मग एकदम लांबट होऊन उशीच्या कोपऱ्यात ओढला गेला, जणू कोणी आत खेचून घेत होतं. गौरांगीने उशी काढली. झडप सताड उघडी होती. कडांना बर्फाच्या दातऱ्या लागल्या होत्या आणि त्यापलीकडे पांढरं आकाश दिसत होतं.

"काका, सापडलं! ही उघडीच आहे. कधीपासून?"

रविकांत बायकोकडे बघत राहिले.

"फोडणीचा वास जायला उघडली होती मी," बाई म्हणाल्या. "राहिली असेल."

"काकू, तुम्ही पूर्ण रिचमंड हिल गरम करत होतात," गौरांगी म्हणाली आणि हँडल उलटं फिरवून घट्ट केलं. वर तिने उशीच्या चारी कडांना चिकटपट्टी लावली, अगदी नीट, कोपरे दाबून. मग खाली उतरून तिने चिवडा मागून घेतला. तिची बशी संपायच्या आत काटा सतरावर आला होता.

"बघितलंत?" ती म्हणाली.

"हुशार आहेस," बाई म्हणाल्या.

रविवारी रविकांतांनी दाढी केली आणि राखाडी स्वेटर घातला. थोड्या वेळाने काढून ठेवला, कारण घाम येत होता. टेबलाखाली त्यांची बॅग होती. तिच्यात त्यांनी औषधांचा डबा आणि चष्म्याचं घर ठेवलं होतं, ते बाईंनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

उन्मेष दुपारी आला. दार उघडून आत पाय ठेवताच त्याने टोपी काढली, मग जॅकेट.

"वॉव. बाबा, ट्वेंटी-टू?"

"गौरांगीने दुरुस्त्या केल्या," रविकांत म्हणाले. "बस."

तो बसला. हात टेबलावर पसरून त्याने चहूकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर खरी सुटका होती. "मला रात्री झोप लागली नाही माहितीये? वाटत होतं, आय हॅव टू ड्रॅग देम इन. तुम्हाला आवडणार नाही, तुम्ही चिडाल, तरी आज सांगायचंच असं ठरवून आलो होतो. पण इट्स वॉर्मर दॅन माय ऑफिस."

"तशी रात्रीची थंडी वेगळी असते," बाई म्हणाल्या.

"गौरांगी म्हणाली, उणे तीसपर्यंत काही प्रॉब्लेम नाही. कॅल्क्युलेट केलंय तिने." त्याने चहाचा घोट घेतला. "बाबा, खरं सांगा, तुम्ही कम्फर्टेबल आहात ना?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. रविकांतांनी घसा साफ केला. प्रश्न आला होता, पण तो वेगळा होता, आणि त्याला देण्यासारखं खरं उत्तर एकच होतं.

"हो," ते म्हणाले. "ऊब आहे चांगली."

"ग्रेट. मग स्वप्नालीला सांगतो. तिच्या आईला बोलवायचं चाललंय, पुढच्या महिन्यात. त्यांना वरची रूम देऊ. मी म्हटलं होतं, आधी बाबांना विचारू दे." त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "चिवडा मस्त झालाय. थोडा नेऊ का?"

"ने ना," बाई म्हणाल्या. त्यांनी डबा भरून दिला, वर आणखी एक मूठ घातली.

तो गेला. खिडकीतून त्याची पाठ दिसली, नारिंगी कॉर्डवरून त्याने जपून उचललेला पाय दिसला, मग घराचं दार मिटलं. आत ऊब होती. पंखा थांबला होता, कारण त्याला चालायची गरज नव्हती, आणि त्यामुळे फारच शांत झालं.

रविकांत उठले. टेबलाला धरून त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, मग दुसऱ्या. गुडघा कुरकुरला तेव्हा ते थांबले, आणि पुन्हा चढले. बाई धावल्या.

"अहो, काय हवंय वर? मी देते."

त्यांनी नखांनी चिकटपट्टी सोलायला घेतली. ती सहज निघेना. कोपरे चांगले दाबलेले होते. अखेर उशी निघाली, आणि त्यांनी हँडल फिरवलं, जितकं फिरेल तितकं. थंडी पाण्यासारखी खाली आली.

"आता कशाला?" बाई म्हणाल्या. "आता कोण येणार आहे विचारायला?"

रविकांत पलंगाच्या कडेला बसून राहिले, पाय लोंबकळत. खाली भट्टीचा पंखा पुन्हा सुरू झाला.

"वास येतोय," ते म्हणाले. "फोडणीचा."