आबांसाठी आणलेले मासे

नेकनूरच्या दूध सोसायटीचं चेअरमनपद रामहरींनी इतकी वर्षं सांभाळलं की गावात सगळे त्यांना चेअरमनच म्हणत, नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मग ते दुष्काळाचं साल आलं. जनावरं दावणीवरून सुटून चारा छावणीला गेली. कॅन घेऊन येणारी माणसं एकेक करून थांबली आणि एका सकाळी सोसायटीच्या दाराला कुलूप लावून रामहरी घरी आले. त्याच महिन्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हापासून ते पुढच्या खोलीत कॉटवर पडून असत आणि बायको सावित्रीबाई त्यांचं सगळं करत.

मुलगा पंडित औरंगाबादला कॉलेजात शिकवायचा. त्याच्या घरी समुद्री माशांची काचेची टाकी होती. तशीच एक आबांसाठी मांडावी असं त्याच्या मनात आलं.

"बाहेर बाया घागरी घेऊन टँकरची वाट बघत्यात, आन आपण मासे पोसायचे?" सावित्रीबाई म्हणाल्या.

"माय, पाणी मी तिकडून जारमधी आणतो. एकदा भरलं की झालं. आबांनी काय नुसतं भिंतीकडं बघत पडायचं?"

सावित्रीबाईंनी कॉटसमोर टाकीला जागा करून दिली. दिवसभर ते भिंतीकडंच बघतात, हे त्यांना रोज दिसत होतं.

पंडितनं टाकी मांडली, पाण्यात मीठ कालवलं, समुद्रातले भोकाभोकांचे दगड आणि थोडी जिवंत पोवळी ठेवली. ते पाणी मुरायला महिनाभर तसंच राहू दिलं. मग आबांजवळ शेजारणीला बसवून मासे निवडायला तो आईलाही औरंगाबादला घेऊन गेला.

दुकानदार शफीकभाई सावकाश बोलणारा माणूस होता. "काकू, आधी मासा खातो का ते बघा. खात नसला तर कितीबी देखणा असू द्या, घेऊ नका. श्वासाला धापतो का, पंख फाटलेत का, अंगावर मिठाच्या कणासारखे ठिपके हायेत का, हे बघा."

सावित्रीबाई प्रत्येक काचेशी वाकून बघत होत्या. एका ठिकाणी त्या थबकल्या. आत बोटाएवढा मासा होता, पुढून जांभळा, मागून पिवळा.

"हा घ्यावा."

"नको. हा मिजासखोर हाय. गरीब मासा दिसला की जगू देत न्हाई. तुमची टाकी लहान, तिथं पळायला जागा कुठं?"

त्यानं एकत्र वाढलेली, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाऊनफिशची जोडी दिली आणि एक फायरफिश. ती पुढून पांढरी, शेपटीकडं लाल, आणि पाठीवर उभा राहणारा एक लांब तुरा. "ही भित्री हाय," शफीकभाई म्हणाला. "हिच्यासंगं शांत मासेच ठेवा."

टाकी घरी चालू झाली आणि रामहरींचे डोळे भिंतीवरून हलले. फायरफिश दगडाच्या बिळासमोर तरंगत राही, तुरा मागं-पुढं करी, आणि रामहरींचं डाव्या हाताचं बोट तसंच चादरीवर हले. सोसायटीचा जुना सभासद धोंडीराम संध्याकाळी येऊन बसू लागला. पडल्यापासून चेअरमन पहिल्यांदाच हसले, असं त्यानं गावभर सांगितलं.

ते ऐकून पंडितला भरून आलं. पुढच्या सुट्टीला तो आला तो पिशवीत तोच जांभळा-पिवळा मासा घेऊन.

"शफीकभाईंनी दिला?"

"दुसऱ्या दुकानातून आणला. तुला आवडला होता ना."

सावित्रीबाईंना दुकानदाराचे शब्द आठवले. पण पोरगं हौसेनं घेऊन आलं होतं, आणि खरं सांगायचं तर मासा त्यांनाही आवडला होता. त्यांनीच टाकीचं झाकण उचलून धरलं. मासा टाकीत सोडून पंडित दुपारच्या बसनं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून रामहरी घशातून आवाज काढू लागले. सावित्रीबाईंनी पाणी पाजलं, त्यांनी तोंड फिरवलं. उशी बदलली, अंगाखालची चादर बदलली, तरी आवाज थांबेना. पाठ दुखत असेल म्हणून त्यांनी त्यांना कुशीवर वळवलं, तोंड भिंतीकडं आलं. तेव्हा तर ते अक्षरशः विव्हळले.

"असं काय करताय लेकरावानी? मी एकटी किती पुरू?" सावित्रीबाई चिडून म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

दिवेलागणीला त्या देवापुढं दिवा लावून बाहेर आल्या, तेव्हा त्यांचं लक्ष टाकीकडं गेलं. फायरफिश कोपऱ्यात काचेला चिकटून होती. तुरा तुटलेला, पंखांच्या चिंध्या झालेल्या, आणि जांभळा मासा तिच्यावर पुन्हा पुन्हा धावून जात होता. त्यांनी घाईघाईनं तिला जाळीत घेतलं. ती हलली नाही.

त्या कॉटवर टेकल्या, नवऱ्याला आपल्याकडं वळवून घेतलं.

"अहो, सकाळपासून तुमी मला हेच सांगत होता का? होय असंल तर डोळे मिटा."

रामहरींनी डोळे मिटले.

इतक्या महिन्यांत असं विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं. आजवर यांनी आणखी काय काय सांगितलं असेल आणि आपण पाणीच पाजत राहिलो असू, हे मनात आलं आणि त्या तोंडात पदर धरून रडल्या.

दोन-तीन दिवसांत क्लाऊनफिशच्या अंगावरही पांढरे ठिपके उठले. नव्या माशासोबत रोग आला होता. पंडित धावत आला, सगळे मासे शफीकभाईकडं घेऊन गेला, औषधपाणी केलं. एकही वाचला नाही. परत येऊन तो बापाच्या पायाशी मान खाली घालून बसला. सावित्रीबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"आबा, दुसरे आणू?"

रामहरींचे डोळे उघडेच राहिले.

टाकी रिकामी करायला घेतली तेव्हा शेजारची बायनाबाई दारात आली. भरलेल्या बादल्या बघून म्हणाली, "वैनी, थोडं द्या की. भांड्यापुरतं."

"खारं हाय गं ते."

बायनाबाईला पटेना. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकली आणि रिकामी घागर कमरेवर घेऊन निघून गेली. पंडितनं ते पाणी रस्त्यापलीकडच्या मुरमाड जागेत ओतलं.

त्यानंतर सावित्रीबाई रोज कामं आवरून कॉटशी बसत आणि विचारत. छावणीतली जनावरं आठवतात का? सोसायटी आठवते का? पंडितला फोन लावू का? ते डोळे मिटत, कधी उघडेच ठेवत. एकदा त्यांनी धीर करून विचारलं, "त्या दिवशी मी तुमाला भिंतीकडं वळवलं. माझा राग आला होता का?"

रामहरी उघड्या डोळ्यांनी त्यांच्याकडं बघत राहिले. डोळ्यांत पाणी साचलं, ओघळलं, तरी पापणी पडू दिली नाही.

पोळ्याच्या आधीच ते गेले.