झडपेतली खिडकी

मित्रांनो, नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या मातीच्या बांधात बसवलेली मी एक जुनी लाकडी झडप आहे. सुताराने जाड फळ्या जोडून मला घडवले आणि बिजागऱ्यांवर टांगले. भरती आली की तिच्या रेट्याने मी घट्ट मिटत असे; ओहोटीला नदीचे पाणी मला ढकलून समुद्राकडे जाई. त्यामुळे बांधाआडच्या जमिनीतला खारटपणा गेला, पिके डोलू लागली. बांधाची राखण करणारा शेतकरी कौतुकाने म्हणे, "ही आहे म्हणून आमची चूल पेटते."

त्याची धाकटी बहीण मात्र बांधाआतल्या पाण्यात मासे धरून पोट भरी. समुद्रात जन्मलेली पिल्ले भरतीबरोबर आत येत आणि तिथल्या निवांत पाण्यात वाढत. माझ्यामुळे त्यांची वाट जवळजवळ बंद झाली. पुढे नदीच्या वरच्या अंगाला धरण झाले, नदीचा ओघ आटला आणि माझे उघडणेही कमी झाले. आधी बोय मासे दिसेनासे झाले, मग कोळंबी.

एके दिवशी ती रिकामे जाळे घेऊन आली. "दादा, तुझ्या झडपेनं माझ्या तोंडचा घास काढून घेतला."

"अगं, खारं पाणी आत घेतलं तर शेत करपेल. मग दोघंही उपाशी!"

"इकडे ये. खाली बघ तरी."

भरती चढत होती. नखाएवढी पिल्ले माझ्या फळ्यांपाशी दाटली होती, फट शोधत होती. बगळे त्यांच्यावर ताव मारत होते. तो बराच वेळ ओणवा होऊन बघत राहिला. मग म्हणाला, "सुताराला बोलाव."

माझ्या पोटात करवत शिरली तेव्हा माझे काही खरे नाही, असेच वाटले. पण सुताराने वीतभर खिडकी कापून तिला सरकते झाकण बसवले. भरतीचे थोडे पाणी आत आले की शेतकरी झाकण लावी आणि शेतातले पाणी जिभेवर घेऊन बघे. तरी पहिल्या हंगामात पिकाचा एक पट्टा पिवळा पडलाच. पण खिडकी बुजवण्याऐवजी त्याने खारे पाणी अडवायला शेताच्या कडेने चर खणला. मातीच्या पाट्या उचलायला बहीण बाह्या सरसावून उभी होती.

पुढच्या वर्षी पीक हिरवे राहिले आणि आत बोय उड्या मारू लागले. बहिणीने पहिले मासे भावजयीच्या हातात ठेवले. "वहिनी, दादाला काटे काढून वाढ हं. घाईत गिळतो तो."

मित्रांनो, काही जातींचे मासे परतले नाहीत, ते नाहीच. पण आता भरतीला इवल्या शेपट्या मला गुदगुल्या करत आत जातात. ज्यांनी मला घडवले त्यांची मी ऋणी आहे. ज्यांनी मला कापले त्यांची त्याहून अधिक. तुम्ही मोठे व्हाल, बांध घालाल, धरणे बांधाल. तेव्हा त्या पिल्लांना जायला-यायला एक वाट तेवढी ठेवा.