बोलका वर्ग

चंद्रप्रभाबाईंच्या वर्गात हात वर करायला बंदी होती. ज्याला उत्तर येतंय त्यानं ‘बाई, मी!’ म्हणून खणखणीत ओरडायचं. अणदूरच्या पुढं आत एका वस्तीवर जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक. बाईंकडं तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग. त्या खोलीतला गलका पार डांबरी रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. शिक्षण विस्तार अधिकारी एकदा येऊन बसले आणि जाताना म्हणाले, “असा बोलका वर्ग मी तालुक्यात बघितला नाही.” पुढं दोन-तीन शाळांतले मास्तर ही पद्धत बघायला आले. बाईंनी त्यांना चहा पाजला, हसून मान डोलावली, आणि विषय बदलला.

कारण पद्धत-बिद्धत काही नव्हती हो. बाईंना वर केलेले हात दिसतच नव्हते, एवढीच काय ती भानगड.

तसं त्यांचं डोळ्याचं दुखणं काही चोरीचं नव्हतं. नोकरी लागली तीच मुळी अपंगांच्या कोट्यातून. तुळजापुरात पुजाऱ्यांच्या घरात वाढलेली ही मुलगी, दिवेलागण झाली की भिंत धरून चालायची. घरच्यांनी गाजरं खाऊ घातली, नवस बोलले, आणि मग कळलं की डोळ्याच्या पडद्याचाच आजार आहे. चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर नोकरी मिळाली, लांबची बदली टळली, प्रवासभत्ता जादा मिळत राहिला. कुणी नावं ठेवली नाहीत, कारण बाई शिकवायच्याच तशा. ज्या पोराला पाढा यायचा नाही त्याला त्या गाण्यात घालून द्यायच्या, आणि पोरगं बैल हाकतानाही तो पाढा म्हणायचं.

पण ते चाळीस टक्के बाई पंचविशीत होत्या तेव्हाचे. त्यानंतर नजर कडेकडेनं मिटत आली. आता बाईंना जग दिसायचं ते फुंकणीतून बघावं तेवढंच. समोरच्या पोराचं नाक दिसलं तर कान दिसायचे नाहीत. सोलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि चष्मा पुसत म्हणाले, “बाई, हे आता चाळीस राहिलेलं नाही. ऑफिसला कळवा, नव्यानं तपासणी करून घ्या. तुमच्याच फायद्याचं आहे.”

“म्हणे फायद्याचं!” घरी आल्याआल्या बाईंनी पर्स पलंगावर टाकली. “टक्के वाढतील, सवलती वाढतील, सगळं कबूल. आणि माझा वर्ग?”

राघवेंद्र, त्यांचे यजमान, बँकेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. बोलायला मोजकेच, पण बायकोसाठी काय वाट्टेल ते करायचे. सकाळी स्कूटीवर शाळेत सोडायचे, संध्याकाळी आणायचे. चहा झाला की पोरांच्या वह्या मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचायचे, आणि बाई सांगतील तिथं लाल खूण करायचे. ते म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची, चंद्रा. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत. कळवलंस की तुला वर्गातून उठवून कुठल्या तरी टेबलाशी बसवतील. कायदा काय म्हणतो ते राहू दे पुस्तकात.”

“मग नाहीच कळवत,” बाई म्हणाल्या. दोघांनाही जरा हायसं वाटलं, खोटं कशाला बोला.

बाईंचाही एक तोरा होताच. डोळे गेले तर गेले, कान आहेत ना? हजेरी त्या आवाजावर घ्यायच्या. कुणाला सर्दी झालीय, कोण न जेवता आलंय, कुणाच्या घरी रात्री भांडण झालंय, एका ‘हजर बाई’वरून ओळखायच्या. “माझं एक पोर माझ्या नजरेतून सुटत नाही,” असं त्या मुख्याध्यापकांना, भीमाशंकर गुरुजींना, छातीठोक सांगायच्या. गुरुजींनाही ते पटायचं.

अशात एका दुपारी मधल्या सुट्टीत उमाबाई आली. शिवानीची आई. शिवानी चौथीत, दोन वर्षं बाईंच्याच हाताखाली. वही नेटकी, गणितं बरोबर, कसला त्रास नाही, म्हणून बाईंना तिची कधी काळजी करावी लागली नव्हती. उमाबाई शेतातनं तशीच आलेली, घामाघूम, आणि आवाजात राग दाबलेला.

“बाई, येक इचारू का? राग नगा धरू.”

“विचारा की.”

“माझी शिवानी शाळंला जायाचं न्हाय म्हणती. कधी पोट दुखतंय, कधी डोस्कं दुखतंय. काल दोन रट्टे दिले तवा खरं भाईर पडलं. म्हणती, बाईंना मी आवडत न्हाय.”

“काहीतरीच काय! असं कोण म्हणालं तिला?”

“कोण कशाला म्हणंल? ती रोज हात वर करती, आन तुमी तिच्याकडं बघून न बघितल्यावानी करता. दोन वर्सं झाली. येकदा, निस्तं येकदा तरी तिला इचारायचं होतं, बाई.”

चंद्रप्रभाबाईंना हसू आलं. सुटल्यासारखं वाटलं त्यांना. “अहो उमाबाई, माझ्या वर्गात हात वर करायचाच नसतो. बोलायचं असतं. तिनं मोठ्यानं म्हणावं की, ‘बाई, मी!’ मी लगेच विचारीन.”

उमाबाईनं पदरानं घाम पुसला. मग हळू म्हणाली, “बाई, थट्टा करताव व्हय माझी?”

“थट्टा कसली?”

“पोरगी तोतरी हाय माझी. शब्द घशातच अडकतो तिचा. मला अव्वा म्हणायचं म्हणलं तरी तोंड लाल हुतंय तिचं. सगळ्या वस्तीला ठावं हाय. तुमच्या म्होरं बसती रोज, आन तुमाला ठाव न्हाय?”

“पण हजेरीला तर चांगलं स्पष्ट बोलते! रोज ऐकते मी.”

“ते शेजारची पोरगी म्हणती, आवाज बदलून, हिच्या वाटचं. वाचायची पाळी आली तरी तीच वाचती. हिला कुणी हसू नये म्हणून.”

बाईंनी मागं हात नेऊन भिंत चाचपली. शिवानी म्हटलं की इतके दिवस त्यांच्या कानात एक आवाज यायचा, बारीक, गोड, जरा लाडिक. तो आवाज शिवानीचा नव्हताच. शिवानीचा आवाज त्यांनी आजवर ऐकलेलाच नव्हता. आणि सर्दी ओळखण्याच्या गप्पा मारत होत्या!

सुट्टी संपली. पोरं धुरळा उडवत आत आली, बसकरपट्ट्यांवर बसली. बाईंनी प्रश्न विचारला आणि गलका उठला, “बाई, मी! बाई, मी!”

“गप्प!” बाई म्हणाल्या. “आज कुणी बोलायचं नाही. ज्याला उत्तर येतंय त्यानं हात वर करा.”

पोरं चकित. बाईंना काय झालं आज? पण हात वर झाले असावेत. बाईंनी दाराकडून बघायला सुरुवात केली. मान इंच इंच वळवत नेली. एक हात दिसला, नाचणारा. दुसरा, चुटकी वाजवणारा. तिसरं पोरगं गुडघ्यावर उभं राहून हात हवेत हलवत होतं. असं करत करत त्या खिडकीखालच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या. इतक्या लांब मान वळवून त्यांनी या वर्गात कधी बघितलंच नव्हतं.

तिथं एक हात होता, अगदी स्थिर. नाचत नव्हता, हलत नव्हता. कोपराखाली दुसऱ्या हाताचा टेकू दिलेला. फार वेळ हात वर धरून ठेवायची सवय झालेली पोरं देतात तसा टेकू.

बाई तिकडं निघाल्या. वाटेत कुणाच्या दप्तराला अडखळल्या, कुणीतरी फिदीफिदी हसलं. खिडकीपाशी जाऊन त्या खाली बसल्या.

“शिवानी?”

हात खाली आला नाही.

“बाळा, मला दिसत नाही गं. डोळे खराब झालेत माझे, फार खराब. तू हात वर करत होतीस ते मला दिसलंच नाही. तू आवडत नाहीस असं नाही, देवाशपथ नाही.”

शिवानीनं मान हलवली असेल, नसेलही. एवढ्या जवळून बाईंना तिची फक्त हनुवटी दिसत होती, आणि ती थरथरत होती. बाईंनी तिचा हात धरून हळूच खाली घेतला, आणि तो बराच वेळ आपल्या हातात ठेवला.

त्या संध्याकाळी राघवेंद्र वह्या उघडून बसले तर बाई म्हणाल्या, “राहू द्या त्या. उद्या गुरुजींना सांगणार आहे मी, डोळ्यांचं.”

सगळं ऐकून घेतल्यावर राघवेंद्र म्हणाले, “अगं, मग तिला पुढं बसव ना. अगदी नाकासमोर बसव. एवढ्यासाठी कुणी आपल्या पायावर धोंडा पाडून घेतं का?”

“तिला पुढं बसवली की त्या कोपऱ्यात दुसरं कोण बसेल? ही एक सापडली, तीही तिची आई भांडायला आली म्हणून. ज्यांच्या आया आल्या नाहीत त्यांचं काय हो?”

राघवेंद्रांनी वही मिटली. “आणि तू? वर्गाशिवाय तू काय करशील?”

बाई पदराचा बोळा तोंडाशी धरून रडायला लागल्या. “मला नाही माहीत. मला जायचं नाही हो तिथून. पण माझी मूठ झाकली राहावी म्हणून दोन वर्षं त्या लेकरानं तोंड मिटलंय.” राघवेंद्रांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पुन्हा ती म्हण त्यांनी काढली नाही.

भीमाशंकर गुरुजी ऐकून कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, “बाई, मला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. आता मला वर कळवावंच लागणार.”

“त्यासाठीच सांगतेय,” बाई म्हणाल्या.

धाराशिवला तपासणी झाली. नवं प्रमाणपत्र आलं. चाळीसच्या जागी आता जवळजवळ शंभर लिहिलं होतं. बाईंनी अर्ज केला की मला वर्ग ठेवा, सोबत दुसरं कुणी डोळस द्या, दोघं मिळून शिकवू, ठार आंधळी माणसंही शिकवतातच की. शिक्षण खात्यातले साहेब मोठे अदबशीर होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, विचार करू म्हणाले. नोकरीवरून काढता येत नाही असा कायदा आहे, आणि कुणी काढलंही नाही. नुसतं उचलून तालुक्याच्या कार्यालयात ठेवलं. पंख्याखाली टेबल, खुर्चीला गादी. “तुम्ही आराम करा, बाई. खूप केलंत.” कामाचं विचारलं तर म्हणाले, बघू, काहीतरी निघेलच. डोळे शाबूत असलेल्या माणसांना कधी कधी काय दिसतं कोण जाणे!

तिथं चार दिवस पंख्याचा आवाज ऐकून झाल्यावर एक दिवस कपाटाची किल्ली द्यायला बाई शाळेत गेल्या. त्यांच्या जागी सोमेश सर म्हणून तरुण शिक्षक आले होते. गुरुजींकडं किल्ली दिली, दोन घोट चहा घेतला, आणि राघवेंद्रांच्या दंडाला धरून त्या व्हरांड्यातून निघाल्या. वर्गाचं दार उघडं होतं. आतून नेहमीचा गलका येत नव्हता. बाईंना वाटलं, वर्ग मुका झाला की काय.

तेवढ्यात आतून सर म्हणाले, “बरं, नळदुर्गच्या किल्ल्यातून कोणती नदी वाहते? हात वर करा. हं... शिवानी, तू सांग.”

बाई दाराशीच थबकल्या. कुणीतरी बारीक, गोड, लाडिक आवाजात म्हणालं, “सर, तिच्या वाटचं मी सांगते.”

“तू थांब. तिला बोलू दे.”

“चल ना,” राघवेंद्र कुजबुजले, “आत कळेल त्यांना. ऊनही वाढायला लागलंय.”

“थांबा हो,” बाई म्हणाल्या. “माझी पोरगी बोलतेय.”

आत कुणी हसलं नाही. एक घोगरा, जाडसर आवाज ओठांशी येऊन अडकला, मागं गेला, पुन्हा आला. ब, ब, असं बराच वेळ चाललं. बाईंनी राघवेंद्रांचा दंड घट्ट आवळून धरला होता. त्यांचे स्वतःचे ओठ त्या अक्षराशी जुळून राहिले होते.

“ब... बोरी.”

“शाब्बास,” सर म्हणाले. “खाली बस.”

चंद्रप्रभाबाईंनी डोळे पुसले, आणि राघवेंद्रांना म्हणाल्या, “असा आवाज आहे होय तिचा.” मग त्या स्कूटीकडं चालायला लागल्या.